द्रौपदीमावशीकडची ठेव

बोरीवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या भिंतीला खेटून जी वस्ती आहे, तिथं कुणालाही विचारा, द्रौपदीमावशी कुठं राहते. विचारणारी बाई असेल तर थेट दारापर्यंत सोडतील. पुरुष असेल तर आधी विचारतील, काय काम आहे? ही पद्धत कुणी बसून ठरवलेली नाही, पण ती मोडलेलीही कुणी पाहिली नाही.

मावशी मूळची परभणीकडची. लग्न करून वस्तीत आली ती इथलीच झाली. महापालिकेच्या दवाखान्यासाठी दारोदार फिरायची. पोरांना पोलिओचे थेंब पाजायचे, गरोदर बायकांची नावं नोंदवायची, टीबीच्या माणसानं गोळी खरंच गिळली की जिभेखाली ठेवली ते बघायचं. वय झालं तेव्हा काम सुटलं, बायका सुटल्या नाहीत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि एक लोखंडी कपाट. ह्या कपाटानंच तिला वस्तीत मानाची जागा दिली म्हणा ना.

ज्या बाईचा नवरा दारूपायी घरातलं किडूकमिडूक विकायचा, ती बाई लेकीच्या कानातलं आणून मावशीकडं ठेवायची. मावशी कशाला ते विचारायची नाही आणि कुणाचं ते सांगायची नाही. नियम एकच. जिची वस्तू, तिच्याच हातात द्यायची. नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही, सख्ख्या आईच्यासुद्धा नाही. एकदा एकीचा भाऊ येऊन खूप आरडाओरडा करून गेला, म्हणे बहिणीनंच पाठवलंय. मावशीनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "तिला घेऊन ये, तुझ्यासमोर देते." तो पुन्हा फिरकला नाही.

पुढं घराघरात मोबाइल आले, आणि नवऱ्यांना नवीन उद्योग मिळाला. जेवण झालं की हात पुढं, "आण तुझा फोन इकडं." कुणाशी बोललीस, किती वेळ बोललीस, हे पुसलंस ते का पुसलंस. मग बायकांनीही वाट काढली. मोरीत जायचं, नळ मोठा सोडायचा आणि जे झालं ते फोनवर बोलून मावशीला पाठवायचं. मार बसला असेल तर वळाचा फोटो. पोचलं की आपल्याकडचं पुसून टाकायचं. "मावशी, माझ्याकडचं काढते, तुझ्याकडं राहू दे," एवढं शेवटी सांगायचं. मावशीचं उत्तरही एकच असायचं, "मिळालं." दुसरा शब्द नाही, कारण तो कुणाच्या नजरेला पडेल सांगता येत नाही.

अशी ती ठेव कपाटातून फोनात आली. मावशीनं फोनला आकड्यांचं कुलूप लावलं आणि ते आकडे कुणाला सांगितले नाहीत. बाई म्हणाली की दवाखान्यात चल, तर मावशी जायची. म्हणाली की पोलिसांत चल, तर तिथंही जायची. नको म्हणाली, तर मावशी गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मावशीच्या मुठीत परक्या बायकांचे जीव होते, आणि ते ओझं काय असतं ते तिलाच ठाऊक.

त्यात एक श्रुतिका होती. सपनाची एकुलती एक लेक. सपना दोन गल्ल्या सोडून राहायची, विहारात रविवारच्या वंदनेला दोघी शेजारी बसायच्या. श्रुतिकानं विकीशी लग्न आईच्या मनाविरुद्ध केलं आणि दोघं दहिसरच्या बाजूला भाड्यानं राहायला गेली. वर्ष व्हायच्या आत तिचा आवाज मावशीच्या फोनात यायला लागला. नळाचं पाणी, मधे हुंदका, आणि दरवेळी शेवटी तेच, "मावशी, आईला सांगू नकोस. ती नको म्हणत होती. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मावशीनं सांगितलं नाही. आणि एका दुपारी श्रुतिका चौथ्या मजल्यावरून खाली पडून गेली.

विकी म्हणाला, कपडे वाळत घालताना पाय सटकला. तिचा फोन पोलिसांना मिळाला, पण आतून कोरा करकरीत. फौजदार गार्गी मॅडम नव्यानं आलेल्या, तरुण. त्यांना ते पटलं नाही. बायको गेली त्याच दिवशी तिचा फोन साफ करायची बुद्धी कुणाला होते? त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा श्रुतिकाची मैत्रीण बोलली, ती सगळं एका मावशीला पाठवायची. मॅडम साध्या कपड्यांत मावशीच्या घरी आल्या, सोबत सपना.

"कंपनीकडं मागितलं आम्ही," मॅडम म्हणाल्या. "ते म्हणतात, मेसेज कुलूपबंद जातात, उघडायची किल्ली आमच्याकडं नाहीच. पाठवणाऱ्याच्या फोनात असते आणि घेणाऱ्याच्या. पाठवणारी गेली. राहिलात तुम्ही."

"श्रुतिकाचं सगळं ऐकवते ना मी," मावशी म्हणाली. "तुमच्या फोनात भरून घ्या."

"ते कोर्टात टिकत नाही, मावशी. मूळ फोन लागतो. तो लॅबमध्ये जाणार, त्याची पूर्ण नक्कल निघणार."

"पूर्ण म्हणजे? दुसऱ्या बायकांचंपण?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. "लॅब निवडून काढत नाही. सगळंच येतं. आणि कागद कुठून कुठून फिरतात, कुणाकुणाच्या टेबलावरून जातात, ते माझ्या एकटीच्या हातात नसतं. मी फोन जबरदस्तीनं नेऊ शकते. आकडे तुमच्या तोंडून काढायचे का, ह्यावर मोठमोठे वकील भांडतायत. मला भांडायचं नाही. सोमवारी या, स्वतःहून द्या. फक्त एक करा, तोवर काही पुसू नका. एक अक्षर पुसलंत तरी समोरचा वकील आपली वाट लावेल."

सपना इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुझ्याकडं माझ्या पोरीचा आवाज आहे, आणि तू विचार करत बसलीस?"

"सपना, अगं तिनंच शपथ..."

"ठेव सांभाळलीस तू, ताई. पोरगी नाही सांभाळलीस."

खरं होतं ते. मॅडम निघाल्या, त्यांच्या मागोमाग सपनाही निघाली.

आता तुम्ही म्हणाल, द्यायचा ना फोन, मेलेल्या पोरीला न्याय मिळतोय तर अडवतेस कशाला? मावशीच्या मनातही दुसरं नव्हतंच. द्यायचा, हे तिनं त्याच क्षणी ठरवलं होतं. पण कपाटच उचलून द्यायचं झालं, तर आधी ज्याचं त्याला परत करायला नको? पूर्वी घराची डागडुजी निघाली तेव्हाही तिनं तसंच केलं होतं. एकेकीला बोलावून वस्तू हातात दिली, मग कपाट हलवलं. म्हणून ती दारोदार फिरली, अगदी थेंब पाजायला फिरायची तशी. नवरा घरात नसेल ती वेळ साधून विचारायची, "तुझं माझ्याकडं आहे. फोन पोलिसांत चाललाय. काय करू?"

बायका घाबरट नव्हत्या, हे नोंदवून ठेवा. बऱ्याच जणी म्हणाल्या, राहू दे तसंच, मॅडमना कळलं तर बरंच होईल. एक म्हणाली, माझ्या नवऱ्याचीपण जरा चड्डी पिवळी होऊ दे. सगळ्यांनी हो म्हटलं. राहिली एकटी दिशा.

दिशा मालवणकडची, मितभाषी, एक मुलगा पहिलीत. तिचा नवरा धोंडिराम हवालदार होता, मॅडमच्याच ठाण्यात, कोर्टाची कामं बघायचा. कुठल्या केसचा कागद कुठं गेला, लॅबमधून काय आलं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. कुंपणानंच शेत खाल्लं तर फिर्याद कुणाकडं द्यायची? दिशानं म्हणूनच कधी दिली नव्हती. त्यानं तिला सांगून ठेवलं होतं, बाहेर एक शब्द गेला तर तुझी फाइल मीच बनवीन, अपघाताची. मारताना तो वर्दीचा पट्टा वापरायचा. मावशीच्या फोनात त्या वळांचे फोटो होते.

दिशा शाळेच्या वेळेत आली. मुलाला सोडून, भाजीची पिशवी हातात घेऊन, म्हणजे कुणी पाहिलं तर भाजीला गेली होती. मावशीनं सगळं सांगितलं. दिशानं फक्त विचारलं, "फाइल त्याच्याकडे येतली?"

"त्याच्याकडंच."

"मग पुस गो मावशी."

"दिशा, हे गेलं की तुझ्याकडं काही राहणार नाही. उद्या तुला कधी उभं राहायचं झालं तर..."

"उद्या जिवंत राहिलंय तर बघीन."

मग ती म्हणाली, एकदा ऐकव. मावशीनं लावलं. नळाचा आवाज, त्यातून दिशाचा, सांगते आहे की आज कशावरून झालं, डाळीत मीठ जास्त पडलं म्हणून. मागून पोराचा आवाज, आई, दार उघड ना. दिशानं ते पूर्ण ऐकलं. आपलंच रडणं दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकलं. मावशीनं फोन तिच्यापुढं धरला, ठेव तिची होती, तिनंच परत घ्यावी. दिशाचं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं. "तूच कर. माझा हात चालत नाही."

मॅडमनी बजावलेलं मावशी विसरली नव्हती. तिला नीट आठवत होतं. तिनं एकदा सपनाच्या घराच्या दिशेनं पाहिलं, आणि दिशाचं सगळं पुसलं. फोटो, आवाज, नाव. दिशा पिशवी उचलून गेली. मावशी तिथंच बसून राहिली आणि बऱ्याच वर्षांत रडली नव्हती तशी रडली. एकीला वाचवायला दुसरीचं नुकसान, आणि दोघी आपल्याच. असला हिशेब कुणाच्या नशिबी येऊ नये.

सोमवारी तिनं फोन दिला, आकडे दिले. श्रुतिकाचे आवाज लॅबमध्ये उघडले. त्यात एक होता, ती गेली त्याच दिवशी सकाळचा: "आज म्हणतोय, गॅलरीतून ढकलून देईन, कोणाला कळणारपण नाही." विकीला अटक झाली. सपनाला ते ऐकवलं तेव्हा ती जमिनीवर बसली ती कितीतरी वेळ उठेना. मावशीनं हात दिला, तो तिनं घेतला नाही.

खटला दिंडोशीच्या कोर्टात उभा राहायला दीड वर्ष गेलं. मावशी साक्षीला उभी राहिली तेव्हा आधी सगळं सुरळीत गेलं. मग विकीचा वकील उठला. गोड बोलणारा माणूस. असल्यांचीच भीती जास्त.

"मावशी, लॅबचा रिपोर्ट सांगतो, फोन देण्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही एक पूर्ण संभाषण काढून टाकलंत. बरोबर?"

"बरोबर."

"काय होतं ते लॅबला परत मिळालं नाही. म्हणजे ते फक्त तुम्हाला माहीत. श्रुतिकाच्याच दुसऱ्या नंबरचं असेल? जीव नकोसा झालाय, उडी मारते, असं काहीतरी? आमच्या अशिलाला सोडवणारं?"

"नाही. श्रुतिकाचं एक अक्षर मी पुसलेलं नाही."

"मग कुणाचं पुसलंत?"

मावशीनं वर पाहिलं. दाराशी, हातात फाइल धरून, धोंडिराम हवालदार उभा होता. ही केस कोर्टात तोच बघत होता. तो मावशीकडं एकटक बघत होता.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, उत्तर द्यावं लागेल."

"साहेब, ती ठेव होती. जिची होती तिला परत केली. तिचं नाव घ्यायची परवानगी मला नाही."

"ह्यामुळं तुमच्या बाकीच्या साक्षीवर शंका येऊ शकते, कळतंय तुम्हाला?"

"कळतंय, साहेब."

गार्गी मॅडमनी डोळे मिटून घेतले. सपना मागच्या बाकावर होती, तिनं मान खाली घातली. वकिलानं हात पसरून न्यायाधीशांकडं पाहिलं, म्हणजे बघा, मी काय म्हणत होतो. साक्षीदारानं उत्तर दिलं नाही असं लिहून घेतलं गेलं आणि पुढची तारीख पडली. विचार करून या, साहेब म्हणाले, पुढच्या वेळी मी असं सोडणार नाही.

बाहेर पॅसेजमध्ये बाकड्याच्या एका टोकाला सपना बसली, दुसऱ्या टोकाला मावशी. त्या दिवसापासून दोघींत शब्द नव्हता, आणि आज तर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विकी सुटला तर तो ह्या एका गप्प बसण्यामुळं सुटणार, हे दोघींना कळत होतं.

धोंडिराम आला. फाइल काखेत. वाकून, अगदी आदरानं, हळू आवाजात म्हणाला, "मावशी, साहेबांपुढं नाव नाही घेतलंत, ते ठीक. मला सांगून टाका. त्यात आमच्या घरातलं कुणी नव्हतं ना?"

द्रौपदीमावशीनं जन्मभर तोंड मिटून ठेवलं होतं. खोटं बोलायची वेळच तिच्यावर आली नव्हती, गप्प राहून भागायचं. इथं गप्प राहणं म्हणजेच सांगणं होतं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. धोंडिरामचे डोळे बारीक झाले.

सपनानं मान वर केली. ह्या माणसाला तिनं दर तारखेला पाहिलं होतं, पण असं जवळून आजच. आमच्या घरातलं कुणी. विकीनं पोलिसांना पहिल्या दिवशी जबाब दिला, तेव्हा त्याच्याही बोलण्यात हीच गोडी होती, हीच घाई. ती उठली.

"माझं होतं," ती म्हणाली.

धोंडिराम वळला.

"पुसलेलं माझं होतं, हवालदार. आमचा दादू प्यायला की मारायचा मला. चपलेनं मारायचा. ताईला मीच पाठवायचे सगळं. पोरीच्या केसमधे मेलेल्या बापाची अब्रू निघेल म्हणून मीच तिच्या पाया पडले, पुस म्हणाले. आता जाऊन सांगा वकिलाला, सांगायचं तर. मी पुढच्या तारखेला स्वतः उभी राहून सांगते."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खरं होतं. धोंडिरामनं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्याचे खांदे सैल पडले. "नाही नाही, मी आपलं सहजच," असं काहीतरी पुटपुटला आणि फाइल घेऊन दुसऱ्या कोर्टात निघून गेला. संध्याकाळपर्यंत त्याचं काम तिथंच होतं.

दादू म्हणजे सपनाचा नवरा, श्रुतिकाचा बाप. बसवर कंडक्टर होता. दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवला नाही. सपनाला मलेरिया झाला तेव्हा महिनाभर पहाटे उठून भाकऱ्या थापून मग ड्युटीला जायचा, आणि अख्खी वस्ती त्याला हसायची. तो गेला त्या दिवशी त्याच्या अंत्ययात्रेला माणूस मावत नव्हता. त्याच्यावर कुणी असलं काही बोललं असतं, तर ह्याच सपनानं त्याचं थोबाड फोडलं असतं.

"सपना," मावशी म्हणाली. "दादूवर घेतलंस? आणि कोर्टात काय सांगणार तू? पोरीच्या केसचं काय होईल?"

"जे व्हायचं ते होईल. दादू नाही रागवायचा." सपनानं पदरानं तोंड पुसलं. "ह्याची बायको ना? कोण ती?"

मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा एका बाईचं नाव दुसरीला सांगितलं.

"घरी असेल आत्ता?"

"असेल."

"मग चल. हा इथं अडकलाय तोवर तिला घेऊन येऊ. माझी एक खोली रिकामीच आहे."

"ती नाही म्हणाली तर? मी तिला कधी जबरदस्ती..."

"नाही म्हणाली तर दारात बसू दोघी. श्रुतिकाच्या दारात जाऊन बसायला मला कुणी सांगितलंच नाही ना."

मावशीनं हात पुढं केला आणि सपनानं तो धरला. दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या. रिक्षावाला बोरीवलीला यायला तयार झाला तसं आत बसत सपनानं विचारलं, "पोरगा कुठल्या शाळेत आहे तिचा? आधी त्याला घेऊ."